साडेनऊची भैरवी

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी आधी माझी जीभ बघितली. खरंच सांगते. "आ कर," म्हणाल्या. मी ऑफिसमधून तशीच गेलेली, खांद्याला पर्स, पायात उंच टाचांच्या चपला, आणि दुबईच्या देरा भागातल्या एका जुन्या बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये आ वासून उभी. मग त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली, मनगट धरून घड्याळाकडे बघितलं आणि निकाल दिला, "रक्त कमी आहे. खोली मिळेल, पण रोज खजूर खावे लागतील. चालेल?" भाडं किती, बाथरूम किती जणींत, पाहुणे आलेले चालतात का, असले सगळे प्रश्न मी वाटेत घोकले होते. ते राहिले बाजूला आणि मी म्हटलं, "चालेल."

मी सांगलीची. नव्वदचं दशक संपत आलं होतं, देरातल्या एका शिपिंग कंपनीत मला नोकरी लागली होती आणि दुबईत ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. मराठी मंडळाच्या बोर्डावर चिठ्ठी दिसली: "नोकरी करणाऱ्या मुलीसाठी खोली. नाटकं करणारी नको." मला वाटलं, कुणीतरी गंमत केली असेल. गंमत वगैरे काही नव्हती.

बाई सरकारी इस्पितळात सिस्टर होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या मागे म्हणे नुसती वाळू होती. नवरा लवकर गेला. मुलगा शाळेत होता, त्याला घेऊन परत जा म्हणून सगळ्यांनी सांगितलं, त्या गेल्या नाहीत. नाइट ड्युट्या मागून घेतल्या, मुलाला शिकवलं आणि कॅनडाला धाडलं. मग घरातल्या रिकाम्या खोल्या आमच्यासारख्या मुलींना दिल्या. भाड्यासाठी दिल्या असं त्या सांगायच्या, पण मला विचाराल तर त्यांना घरात पेशंट लागत असत.

कारण ते घर नव्हतंच, वॉर्ड होता. संध्याकाळी राउंड. चादरीचे कोपरे इस्पितळासारखे दुमडलेले पाहिजेत. फ्रिजमधल्या डब्यांना चिकटपट्ट्या, त्यावर कुणाचा डबा आणि कधी शिजवला ते. आमच्यातली एक रत्नागिरीची मुलगी आली त्या आठवड्यात उशीत तोंड खुपसून पडलेली असायची. बाईंनी तिच्या काखेत थर्मामीटर लावला, बघितला, झटकला. "ताप नाही. म्हणजे आठवण येतेय. ऊठ, जेव." आणि भाताचं ताट तिच्या मांडीवरच ठेवलं. कुणी काही सांगायला लागलं की त्यांचं एक ठरलेलं असे, "झालं काय ते आधी सांग. वाटलं काय ते नंतर." आमची वाटण्याची पाळी बऱ्याचदा यायचीच नाही, कारण तोवर त्या उपायाला लागलेल्या असत.

आता एवढ्या कोरड्या बाईला गाण्याचं वेड असेल असं कुणाला वाटेल? होतं. आणि गंमत अशी, की सुरातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्या स्वतः कबूल करायच्या, "मला सगळे स्वर सारखेच लागतात. पण गाणाऱ्याला तहान कधी लागली ते मला बरोबर कळतं." मैफलीत त्या अगदी पुढे बसत आणि गवयाचा गळा बघत. ऐकत नसत, बघत. एकदा एका पाहुण्या गायिकेने आलापीत सगळ्यांना नुसतं गार केलं होतं. लोक "वा, वा" करताहेत, आणि बाई गाणं संपल्यावर तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "थायरॉइड तपासून घे हं." त्या गायिकेला आधी राग आला. पुढे तिचं पत्र आलं, की तपासलं ते बरं झालं. सुरातलं कळत नाही म्हणून बाईंना हसणारे मंडळातले लोक त्यानंतर जरा जपून हसायला लागले.

मंडळाचा दर थंडीत दुबईबाहेर, हत्ता गावाच्या डोंगरात एक संगीत महोत्सव व्हायचा. महोत्सव हा शब्द मंडळाचा. म्हणजे एका ओळखीच्या अरबाचं फार्महाऊस, त्याच्या अंगणात सतरंज्या, भाड्याचा लाउडस्पीकर आणि चहूबाजूंनी ते करपलेल्या भाकरीच्या रंगाचे डोंगर. गुरुवारी दुपारी ऑफिसं सुटली की निघायचं, शुक्रवारी जेवून परतायचं. इतक्या लांब जायचं कारण पहाटेचे राग. दुबईत पहाटे उठणारा माणूस डबा भरतो, बस गाठतो, त्याला तेव्हा कोण ललत ऐकवणार? म्हणून शुक्रवारी उजाडायच्या आत, डोंगरात, स्वेटर घालून आम्ही ते ऐकायचो. बाई स्वयंपाकाच्या प्रमुख. चहा, उपमा आणि गवयांसाठी ज्येष्ठमधाचा काढा.

आमच्या मंडळात कुठलाही नियम कुणी पाळत नसे. वर्गणी मागितली की लोक इन्शाल्ला म्हणायचे, मीटिंग कधी वेळेवर सुरू व्हायची नाही. पण एक नियम मात्र सगळे देवासारखा मानत. शेवटी भैरवी. भैरवी होईपर्यंत ऐकणाऱ्याने उठायचं नाही, आणि भैरवी झाली की खलास, मग गाणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. तुम्ही कितीही मोठे असा.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर बाईच म्हणाल्या असत्या, झालं काय ते आधी सांग.

बाईंची साठी जवळ आली होती. तिथे साठी म्हणजे सत्कारबित्कार काही नसतो. नोकरी संपते, नोकरीबरोबर व्हिसा संपतो, आणि जन्म काढलेल्या गावातून माणूस सामान बांधून निघतो. बाईंना जायला जागा अशी एकच दिसत होती, मुलगा. देशात भाऊ होता, तो गेला. सासरी दीर-जावांचं आपापलं चाललेलं. "मला मुलाकडे राहायचंय," असं त्यांनी आम्हाला सरळ सांगून टाकलं होतं. "त्याचं लहानपण मी ड्युटीवर घालवलं. तो झोपलेला असताना जायची आणि तो शाळेत गेल्यावर यायची. आता त्याच्या घरात मला नुसतं बसायचंय, तो जाताना-येताना दिसला की झालं."

मुलगा काही बोलवेना. शुक्रवारी त्याचा फोन यायचा. बाई तो स्पीकरवर टाकायच्या. घरातल्या सगळ्यांना ऐकायचा हक्क आहे असं त्यांचं मत होतं. तो अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश बोलायचा. "आई, तू इथे येऊन काय करणार? सिक्स मंथ्स नुसता स्नो असतो. यू विल बी सो बोअर्ड. दिवसभर घरात बसून राहशील."

"सून कुठेय?"

"कामावर आहे." सून कायम कामावरच असायची.

"मग तिथली माणसं बर्फात काय करतात? सगळी घरातच बसतात का?"

"नाही गं. लोक डोंगरावर जातात. स्की करतात."

"मग मी पण तेच करीन," बाई म्हणाल्या.

तो हसला. आम्हीही हसलो. बाई हसल्या नाहीत. फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "त्याच्या बर्फाची अडचण मी काढून टाकते. मग बघू आणखी काय शिल्लक राहतं ते."

तेव्हा दुबईत मॉलमधला बर्फाचा डोंगर अजून यायचा होता. बर्फ म्हणजे फ्रीजरमधला आणि मासळीबाजारातला. पण त्यांच्या इस्पितळात व्यायाम करून घेणारी एक गोरी मॅडम नोकरी सोडून मायदेशी चालली होती. दुबई सोडणारा माणूस घरातलं जे काही वाटत सुटतो, त्यात तिच्या स्कीच्या फळ्या, काठ्या आणि बूट बाईंनी उचलले. बूट दोन बोटं मोठे. "तीन मोजे घालीन," म्हणाल्या. आणि एका शुक्रवारी सकाळी हत्ताच्या रस्त्यावरच्या वाळूच्या मोठ्या लाल टेकाडाशी आम्ही जाऊन उभ्या राहिलो. बाई सलवार-कमीजवर इस्पितळातला निळा स्वेटर घालून, डोक्याला रुमाल बांधून. मी फळ्या धरायला.

फळ्या घसरायला पाहिजेत म्हणून बाईंनी त्यांना खालून खोबरेल चोळलं होतं. आपल्याकडे दार कुरकुरलं तरी खोबरेल आणि डोकं दुखलं तरी खोबरेल, दुसरं काय सुचणार? अनारशाला खसखस लागते तशी त्या फळ्यांना वाळू लागली. बाई टेकाडाच्या माथ्यावर उभ्या, पुढे झुकल्या, मागे झुकल्या, पण तसूभर हलेनात. शेवटी मी पाठीमागून ढकललं. मग मात्र हलल्या. फळ्या जागेवर राहिल्या आणि बाई तोंडावर पडल्या.

खाली रस्त्याच्या कडेला मंडळाच्या मिनिबसचे ड्रायव्हर उभे होते, आम्ही सगळे त्यांना खानसाहेब म्हणायचो. सुट्टी असूनही बाईंच्या शब्दाखातर आलेले. त्यांच्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी बाई रात्रभर बसल्या होत्या. ते पाकिस्तानातल्या वरच्या डोंगराळ मुलखातले. लहानपणी पायाला फळकुटं बांधून बर्फावर घसरलेले, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. ते वर आले, फळ्या बघितल्या आणि तोंडावर हात ठेवून बराच वेळ नुसते खांदे हलवत राहिले. "सिस्टरजी, तेल पराठे को लगाते हैं. इस को मोमबत्ती लगाओ."

तिथून शिकवणी सुरू झाली. दोन थंड्या चालली. शुक्रवार मोकळा असला की मेणबत्त्या घेऊन टेकाडावर. तिथे वर न्यायला बर्फाच्या डोंगरावर असतो तसा झोपाळा-बिपाळा नसतो. बूट गळ्यात, फळ्या खांद्यावर, अनवाणी वाळूतून वर चढायचं आणि मग काही क्षणांचं घसरणं. खानसाहेब खालून ओरडायचे, "घुटना नरम, सिस्टरजी. वजन पीछे. यल्ला, चलो." बाई पडायच्या, उठायच्या, दातांतली वाळू थुंकायच्या आणि पुन्हा चढायच्या. आम्ही वैतागलो, त्या नाही. जीपगाड्या घेऊन येणारे पर्यटक त्यांचे फोटो काढायचे. एकदा सहलीला आलेल्या एका अरब घरातल्या म्हातारीने चटईवर बोलावून कॉफी पाजली आणि हे कशासाठी, असं विचारलं. बाईंनी वॉर्डातल्या मोडक्या अरबीत सांगितलं, मुलाकडे जायचंय. म्हातारीला वाटलं, मुलाकडे जायचा रस्ताच तसला आहे. तिने बाईंच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या थंडीत त्या चांगल्या घसरायला लागल्या. एक दिवस खानसाहेब म्हणाले, "रेत शरीफ है, सिस्टरजी, खुद रोक लेती है. बरफ शरीफ नहीं. वहाँ रुकना सीखना पडेगा."

"ते तिथे गेल्यावर बघू," बाई म्हणाल्या.

त्याच थंडीत मंडळाने मला महोत्सवात गायला सांगितलं. सांगलीला असताना मी रीतसर शिकले होते. इथे आल्यापासून फक्त बाथरूममध्ये. मी जौनपुरी धरला. ऑफिसातून आले की बाथरूमचं दार लावून रियाज. बाहेर बाकीच्या मुली बादल्या घेऊन ताटकळत. बाई दाराशी स्टूल टाकून बसायच्या आणि त्यांना परतवून लावायच्या, "जरा थांबा, पोरीचा श्वास आता कुठे लांब व्हायला लागलाय." आईला मी फोनवर सांगितलं, आईने सगळ्या गल्लीला सांगितलं. नवी साडी आली. शुक्रवारी सकाळी पावणेअकराची वेळ मला मिळाली होती.

आणि त्याच आठवड्यात मुलगा आला. रजा मोजकीच, शुक्रवारी संध्याकाळी परतीचं विमान. येताना त्याने पुण्याजवळच्या एका वृद्धांच्या वसाहतीची गुळगुळीत चित्रं आणली होती. बाग, देऊळ, डॉक्टर, रोज नाश्ता. घरात पाय ठेवल्या ठेवल्या त्याने ती टेबलावर पसरली. "आई, बघ ना, किती मस्त आहे. यू डिझर्व्ह धिस." बाईंनी चित्रं बघितली नाहीत, त्याच्याकडे बघत राहिल्या. "हडकलायस," एवढंच म्हणाल्या. मग त्याला म्हणाल्या, "शुक्रवारी परत येताना वाटेत थांबायचंय. तुला एक दाखवायचंय. ते बघ, मग पुण्याचं बोलू."

गुरुवारी हत्ताला गेलो. शुक्रवारी पहाटे मुंबईहून आलेले वयस्कर बुवा गायला बसले. समोरच्या डोंगराची कड आधी राखाडी, मग तांबूस होत गेली, आणि बुवांनी ललत असा काही लावला की मुलगासुद्धा हातातला फोन खिशात घालून बसला. बुवांचं झाल्यावर चहा होता. चहानंतर आम्ही स्थानिक मंडळी गाणार, आणि सगळ्यांत शेवटी बुवा परत बसून भैरवी करणार, असं ठरलेलं. तेवढ्यात सेक्रेटरी माइकवर आले आणि त्यांनी आनंदाची बातमी दिली. आणखी काही कलाकारांनी नावं दिल्यामुळे कार्यक्रम दुपारी दोनपर्यंत चालेल, मग जेवण.

मी बाईंकडे बघितलं. त्यांच्या हातात उपम्याचा झारा होता. दोनला भैरवी, तीनला जेवण, संध्याकाळी विमान. टेकाडावर थांबायला वेळच नव्हता. आणि भैरवीआधी उठून जाणं त्यांनी जन्मात केलं नसतं.

बाईंनी झारा खाली ठेवला. काढ्याचा पेला भरला, ओढणीने पुसला आणि बुवा बसले होते तिथे गेल्या. त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. बुवांनी मान डोलावली, काढा घेतला, आणि कुणाला काही कळायच्या आत सतरंजीवर जाऊन तानपुरे मिळवायला लागले. सेक्रेटरींना वाटलं, बुवांना हुक्की आली, आणखी एखादी चीज ऐकवतील. ते खूश होऊन पुढे बसले. मी दुसऱ्या रांगेत, नवी साडी, केसांत गजरा, ओठांत जौनपुरीचे बोल. घड्याळात साडेनऊ.

बुवांनी तोंड उघडलं आणि पहिल्या दोन-चार सुरांतच सगळ्यांच्या लक्षात आलं. भैरवी. सेक्रेटरींची मांडी एकदम सैल पडली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. पण करता काय? चालू भैरवीत माणसाला थांबवायचं कसं? बुवा डोळे मिटून, जीव ओतून गात होते, आणि आमचे उरलेले सगळे कलाकार ओळीने बसून आपापली गाणी बुडताना ऐकत होते. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारची बाई माझा हात दाबून म्हणाली, "काय भाव आहे ना गळ्यात?"

संपल्यावर सेक्रेटरी धावले. "बुवा, अहो, अजून सगळेजण गायचे आहेत."

"भैरवीनंतर?" बुवा गोंधळले. "मला तर सिस्टर म्हणाल्या, आता भैरवी होऊन जाऊ द्या. मी म्हटलं, संपलं असेल इथलं."

सगळे वळून बाईंकडे बघायला लागले. बाई पुन्हा शेगडीशी उभ्या होत्या. "हो, मी सांगितलं. उपमा तयार आहे, गरम आहे तोवर खाऊन घ्या."

"बाई, तुम्ही हे मुद्दाम केलंत?" सेक्रेटरींचा आवाज चिरकला. "या मुलीने महिनोन्‌महिने रियाज केलाय."

"मला नका सांगू. तिचा सगळा रियाज मी दाराशी बसून ऐकलाय." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू पुढच्या वर्षी गाशील, पोरी. मला पुढचं वर्ष नाही."

मी आणखीच भडकले. बाकीचे आपापल्या गाड्यांनी जाणार होते, परतताना मिनिबसमध्ये आम्ही तिघं आणि खानसाहेबच; मी शेवटच्या सीटवर जाऊन बसले. गजरा काढून खिडकीबाहेर फेकला. बाईंनी मागे वळून उपम्याचा डबा पुढे केला, मी घेतला नाही. त्यांनी तो सीटवर माझ्या बाजूला ठेवला. मुलगा दोघींकडे आळीपाळीने बघत विचारत होता, "व्हॉट इज गोइंग ऑन?"

टेकाडाशी बस थांबली. बाईंनी चपला काढल्या, बूट गळ्यात अडकवले, फळ्या आणि काठ्या उचलल्या आणि चढायला लागल्या. मुलाला काही उमगेना. उमगलं तेव्हा तो हाका मारायला लागला, "आई, प्लीज, पाय मोडेल. आई, बस झालं." त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मी ठरवलं होतं, बसमधून उतरायचं नाही. पण त्या एकट्या एवढं ओझं घेऊन चढताहेत हे काही मला बघवेना. उतरले, पळत गेले आणि एक फळी माझ्या खांद्यावर घेतली. नवी साडी, वाळू, सगळं एक झालं.

वर गेल्यावर मी त्यांच्या बुटांचे क्लिप लावून दिले. त्यांनी माझा खांदा घट्ट धरून ठेवला होता. मी पहिल्यांदाच त्यांना घाबरलेलं बघत होते. "पडले तर तो पुण्याला पाठवील," त्या हळूच म्हणाल्या.

"पडत नाही तुम्ही," मी म्हटलं. "घुटना नरम."

आणि त्या निघाल्या. फार काही वेगाने नाही, वाळूत वेग कुठला? पण सरळ, तोल सांभाळून, स्वेटरच्या बाह्या फडफडत, लाल उतारावर दोन रेघा ओढत. मध्ये एकदा डोललं अंग, सावरल्या. खाली पोचल्या आणि वाळूने त्यांना मुलापासून हातभर अंतरावर अलगद थांबवलं. खानसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी साडी धरून धावत, घसरत खाली आले.

"बघितलंस?" बाईंना दम लागला होता. "आता बर्फाची अडचण सांग."

मुलाने वाळूतल्या त्या दोन रेघांकडे बघितलं. मग म्हणाला, "आई, स्नो सँडसारखा नसतो. तिथे आपोआप थांबत नाही."

"मग थांबायचं तू शिकव."

"मला येत नाही."

"इतकी वर्षं राहिलास आणि येत नाही?"

"मी कधी गेलोच नाही डोंगरावर."

"मग सगळी थंडी करतोस काय?"

"घरी बसतो." त्याची मान खाली होती. "ऑफिस आणि घर. एवढंच."

बाईंनी हातातल्या काठ्या वाळूत रोवल्या. "सून कुठेय?" त्यांनी विचारलं, पण फोनवर विचारायच्या तसं नाही, सावकाश.

"ती सोडून गेली, आई. दीड वर्ष झालं. घर विकलं आम्ही. मी आता एकाच्या घरात तळघरात राहतो. एक खोली आहे." त्याचं इंग्लिश केव्हाच संपलं होतं. "तुला कसं बोलवू? तू यायचीस, आणि बघायचीस."

खानसाहेब मिनिबसकडे गेले आणि टायरला लाथा मारून हवा तपासायला लागले. मला कुठे जावं ते सुचेना, मी तिथेच राहिले. एवढा मोठा माणूस, इस्त्रीची पँट घातलेला, उभ्या उभ्या रडायला लागला होता.

"खाली बस आधी," बाई म्हणाल्या. "उभ्याने रडलं की चक्कर येते."

तो वाळूत बसला. बाईंच्या पायात ते बूट, फळ्या. त्यांना धड बसताही येईना. मी त्यांना धरून टेकवलं. त्यांनी त्याचं मनगट हातात घेतलं. नाडी बघताहेत असं वाटलं, पण घड्याळाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"मला वाटत होतं, मी तुला नकोय," त्या म्हणाल्या. "गेली दोन वर्षं मला रोज तेच वाटतंय."

त्याने नुसती मान हलवली. नाही, नाही अशी. लहान मुलं हलवतात तशी.

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मग त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, त्याचं तोंड पुसलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "खोली केवढी आहे?"

"छोटी आहे गं."

"दोन गाद्या पडतात का, तेवढं सांग."

"पडतात."

"मग माझं तिकीट काढ."